पन्नासला काळी एक

खाडीवरच्या जुन्या पुलाचा मधला भाग उघडायचा. उंच डोलकाठ्यांच्या बोटी आत-बाहेर करायच्या असल्या की रस्ता मधोमध दुभंगून वर उचलला जाई. उचलायला हलका पडावा म्हणून तेवढ्या भागावर डांबर नव्हतं, नुसती पोलादी जाळी होती. गाडी डांबर सोडून जाळीवर आली की चाकांखालून एक घुमारा उठायचा. तीन-चार सेकंद टिकायचा. पलीकडे डांबर लागलं की थांबायचा. दुबईत त्या काळी दिवसभर गाड्यांची रांग तिथून सरकत असे आणि बहुतेकांना तो ऐकूही येत नसे, कारण काचा बंद आणि एसी चालू. तो आवाज ऐकायला म्हणून मुद्दाम पुलावर जाणारा मला माहीत असलेला माणूस एकच. आमचे घरमालक.

घरमालक म्हणायचं ते आपलं सोयीसाठी. शारजातला तो फ्लॅट त्यांनी भाड्याने घेतला होता आणि त्यातली एक खोली आम्हाला दिली होती. तिथे तेव्हा बरीच मराठी कुटुंबं अशीच राहायची. स्वयंपाकघर सामाईक, फ्रिजचा वरचा कप्पा त्यांचा, खालचा आमचा. ते मिरजेचे. पन्नाशी उलटलेली, अंगाने किडकिडीत, दुबईच्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन. काकू मिरजेलाच असायच्या. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. मी पुण्याची, म्हणून ‘पुणेकर’.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या खोलीचं दार वाजवलं. जुलै महिना, बाहेर रात्रीसुद्धा श्वास घेववत नव्हता.

“पुणेकर, तुमचा एसी थोडा वेळ बंद करतेस का? फ्रिजशी त्याचं पटत नाहीये.”

मला वाटलं, वायरिंगचा काही घोटाळा आहे. तसं नव्हतं. फ्रिज एका सुरात घुमत होता, एसी त्याच्या किंचित वर, आणि दोघांच्या मधोमध राहणाऱ्या माणसाला ते सहन होत नव्हतं. मी व्यवहारी बाई. एसी बंद होणार नाही म्हणून सांगितलं, फ्रिजखाली एक जाड पुठ्ठा सरकवला आणि म्हटलं, आता ऐका. काका डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, “आता निदान बोलत नाहीयेत एकमेकांशी. चालेल.” आमची मैत्री त्या पुठ्ठ्यावर झाली.

घरातल्या प्रत्येक वस्तूचा त्यांच्याकडे सूर होता. मिक्सर रागीट. इस्त्रीचं काही नाही, ती मुकी. खालच्या बकाल्याचं, म्हणजे किराणा दुकानाचं, शटर उघडताना एक सुंदर मींड घेतं, असं ते सांगायचे आणि त्यासाठी सकाळी सहाला बाल्कनीत उभे राहायचे. त्यांचे वडील मिरजेला तंबोरे करायचे. लहानपणी भोपळ्यांच्या ढिगाऱ्यात झोपलेलं पोर ते. कान असा की नुकतीच चढवलेली तार पलीकडच्या खोलीतून ऐकून वडिलांना सांगायचं, उतरली. पण गाता येत नव्हतं. गळ्यातून सूर लागायचाच नाही. मोठमोठे गवई दुकानात यायचे, पोराचा कान बघून त्याला गायला बसवायचे आणि दोन मिनिटांत पाणी मागायचे. हे सगळं काका हसत सांगत. “कान वाटत होते तेव्हा मी पहिला होतो,” म्हणायचे. “गळ्याच्या रांगेत कोणीतरी मध्ये घुसलं.”

त्यांची मोटारसायकल जुनी, जपानी, काळी. कंपनीतले इतर लोक हप्त्यावर गाड्या घेत होते आणि हा माणूस डोक्याला ओला रुमाल बांधून, वर हेल्मेट चढवून, मे-जूनमध्येसुद्धा दुचाकीवरून ऑफिसला जात होता. माझं ऑफिस त्यांच्या पुढच्या सिग्नलला, खाडीपलीकडे. नवऱ्याची नोकरी जबल अलीला. त्याला अंधारातच कंपनीची बस घेऊन जायची. माझी मात्र रोज टॅक्सीसाठी वणवण. काकांनी एक दिवस विचारलं, मागे बसशील का? मी अटी घातल्या. मलाही हेल्मेट पाहिजे, साठच्या वर जायचं नाही आणि संध्याकाळी बरोबर साडेसहाला मला घ्यायला यायचं. त्यांनी सगळ्या मान्य केल्या आणि स्वतःची एक सांगितली. जाळीवर बोलायचं नाही.

पहिल्या दिवशी मला बोलायचं सुचलंही नसतं. जाळीवर चाक चढलं आणि गाडी पायाखालून निघून गेल्यासारखी झाली. सरळच जात होती, पण स्वतःच्या मर्जीने. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, झोपेत चालणाऱ्या माणसासारखी. खाली बघितलं तर रस्ताच नव्हता. जाळीतून खाडीचं हिरवट पाणी पळत होतं, त्यावर उन्हाच्या चुरा झालेल्या रेघा. आणि तो आवाज. कानात नाही, आधी तळपायांत, मग गुडघ्यांत, मग छातीत. डांबर लागलं तेव्हा मला कुठूनतरी परत आल्यासारखं वाटलं. मी काकांचा शर्ट मागून मुठीत धरला होता, तो सोडला.

सिग्नलला थांबल्यावर ते मान न वळवता म्हणाले, “पन्नासला काळी एक.”

काळी एक म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी. पुरुष गवयांचा षड्ज बऱ्याचदा तिथे असतो, हे मला नंतर समजलं. गाडी बरोबर पन्नासच्या वेगात असली की जाळी तो सूर देते. साठला कोमल गंधार. खालचा पंचम हवा असेल तर साडेसदतीसवर यायला लागतं आणि मागचे हॉर्न वाजवतात. वरच्या पंचमाला पंच्याहत्तर पाहिजेत. पुलावर मर्यादा साठची. “सरकारने पंचम बंद ठेवलाय इथे,” काका गंभीरपणे सांगायचे. वेगाच्या काट्याकडे ते कधी बघत नसत. सूर लागला म्हणजे पन्नास.

शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी सकाळी नमाजाच्या आधी दुबईचे रस्ते धुऊन वाळत घातल्यासारखे पडलेले असायचे. काका तेव्हा नुसते पुलासाठी जायचे. पूल ओलांडायचा, पुढच्या चौकातून वळायचं, परत यायचं, इकडच्या चौकातून वळायचं, परत जायचं. हिवाळ्यात खाडीवर धुकं असलं की पुलाची दोन्ही टोकं दिसायची नाहीत. मधली जाळी तेवढी हवेत तरंगत असल्यासारखी. मी काही वेळा मागे बसून गेले आहे. खालून अब्रांची, म्हणजे माणसं नेणाऱ्या होड्यांची, फटफट ऐकू येई, पण होडी दिसत नसे. सीगल मध्येच धुक्यातून बाहेर येऊन परत आत जाई. आणि दर फेरीला तेवढाच, तोच सूर, एकदा इकडून, एकदा तिकडून. माझं डोकं एरवी सदा कामाला लागलेलं असतं. कोथिंबीर, वीजबिल, नवऱ्याचे शर्ट. जाळीवर ते बंद पडायचं. किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही, आणि मी न मोजलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत.

एका शुक्रवारी पोलिसांनी थांबवलं. तरुण मुलगा, कडक इस्त्री, हिंदी आपल्यापेक्षा बरी. बराच वेळ तो गाडीची ये-जा बघत होता. म्हणाला, “क्या मुश्किल है चाचा? कुछ गिर गया इधर?”

काका म्हणाले, “गिरा नहीं. सुनता है.”

“क्या सुनता है?”

काकांनी त्याला पुलाच्या कठड्याशी उभं राहायला सांगितलं, मला उतरवलं आणि एकटे जाऊन आले. तो घुमारा आमच्या समोरून गेला आणि विरला. पोलीस माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, म्युझिक है. त्याने टोपी काढली, परत घातली. काका आल्यावर त्यांना म्हणाला, “खलास चाचा, बहुत म्युझिक हो गया. यल्ला, घर जाओ.” काका घरी पोचेपर्यंत खूश होते. पोराने टोपी काढली होती ना.

मला काकांची भीती वाटायची ती त्यांच्या हट्टामुळे. म्हणून पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते म्हणाले, सूर खाली येतोय, तेव्हा मी ते टाळलं नाही. त्यांचं म्हणणं असं: जाळीवर चढताना काळी एक बरोबर लागते, पण अर्ध्यात गेल्यावर ढिली पडते. मला फरक कळत नव्हता. काकांना कळत होता म्हणजे होता. मग आम्ही रीतसर शोध घेतला. आधी टायरची हवा. मग टायर. मग चेन. मग ॲक्सिलरेटरची केबल, ती तर नवीच टाकली. एकेक गोष्ट बदलायची आणि शुक्रवारी पुलावर जाऊन यायचं. सूर खालीच.

शारजाच्या औद्योगिक भागात त्यांचा एक मेकॅनिक होता. पेशावरचा, दाढीला मेंदी, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. त्याने गाडी उघडली, पुसली, बंद केली. आम्हाला सुलेमानी चहा पाजला आणि म्हणाला, “बाबू, गाडी में कुछ नहीं है.” काका म्हणाले, आहे. उस्ताद म्हणाला, नाही. अर्धा तास हे चाललं. शेवटी मी म्हटलं, उस्तादजी, तुम्हीच चालवून बघा पुलावर, सोक्षमोक्ष लागेल. मला तेव्हा एवढंच वाटत होतं की एक शंका मिटवली की पुढची घेता येते.

पुढच्या शुक्रवारी उस्ताद आला. काका आणि मी जाळीच्या अलीकडे, पायवाटेवर उभे राहिलो. काकांनी त्याला खूण केली. उस्ताद आला, आमच्या समोरून जाळीवर चढला, उतरला. सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जागी होता. एवढं मलासुद्धा कळलं. काकांनी त्याला परत पाठवलं. परत तसाच. त्यांनी आणखी एकदा पाठवलं.

मग ते म्हणाले, “गाडी ठीक आहे.”

त्यांनी ॲक्सिलरेटर पिळणारा उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघितलं. विमानतळावरच्या पट्ट्यावरून आपली म्हणून उचललेली बॅग दुसऱ्याची निघावी, तसं.

डॉक्टरकडे मी नेलं. ते यायला तयार नव्हते. कंपनीत कळलं तर व्हिसा पुढे करणार नाहीत, ही एक भीती होतीच. मी म्हटलं, कळवतंय कोण. डॉक्टर केरळचे होते, शांत. त्यांनी काकांना उठायला लावलं, चालायला लावलं, अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला लावलं. डावा हात भराभर चालला. उजवा चार वेळा चालला आणि मंदावला. मग त्यांनी मला विचारलं, अक्षर बारीक झालंय का यांचं? मी नाही म्हणणार होते. मग मला आमच्या स्वयंपाकघरातले डबे आठवले. काका ड्राफ्ट्समनच्या वळणदार अक्षरात त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे. जुनी ‘तूरडाळ’ डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. नवा ‘गूळ’ वाचायला मी डबा उजेडात न्यायचे. मी डॉक्टरांना हो म्हटलं.

कंपवाताची सुरुवात. औषधं आहेत, बरीच वर्षं निभतात, काम सुरू ठेवा, पण दुचाकी आता नको, असं त्यांनी सांगितलं. टॅक्सीत काका खिडकीबाहेर बघत बसले. पूल आला. टॅक्सीच्या काचा बंद होत्या, तरी तो आवाज थोडा आत आला. मलबारी ड्रायव्हर सत्तरने चालला होता.

“हा कुठलाच सूर नाही,” काका म्हणाले.

त्यानंतर ते शेअर टॅक्सीने ऑफिसला जायला लागले. गाडीवर त्यांनी जुनी चादर घातली आणि ती चारी कोपऱ्यांना सुतळीने बांधली. फ्रिज आणि एसी एकमेकांशी भांडत असले तरी दार वाजवायला येईनात. सकाळी शटर वर जायचं आणि बाल्कनीत कोणी नसायचं. मी आपले पर्याय मांडत होते. संगणकावर ड्रॉइंग शिकता येईल, कंपनीत आता तेच येतंय. काकूंना इकडे बोलावता येईल. एक चांगली पेटी घेऊ. पेटीचं नाव काढल्यावर ते पहिल्यांदा बोलले.

“पेटी दुसऱ्याने लावलेली असते गं. पट्टी दाबली की वाजते, त्यात माझं काय? नोकरी गेली तर मिरजेला घर आहे, त्याचं काही नाही. पण मी आयुष्यात एकच सूर लावला, पुणेकर. गळ्याने जमला नाही म्हणून हाताने लावला.”



दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. माझी तिथे ओळख होती, कारण कारच्या परीक्षेत मी वारंवार नापास झाले होते. समांतर पार्किंग आलं की माझा पाय चुकीचा पडायचा आणि शेजारी बसलेला परीक्षक ‘खलास’ म्हणायचा. काउंटरवरच्या माणसाने कारचीच फाइल काढली. मी म्हटलं, मोटारसायकल. त्याने मला परत विचारलं. मग आतून दुसऱ्याला बोलावलं आणि त्याने परत विचारलं. नवऱ्याची हरकत नाही ना, असं म्हणाले, तेव्हा मी नवऱ्याला घेऊन गेले. तो म्हणाला, मला विचारून काही उपयोग नाही. पुण्यात कॉलेजला असताना मी मोपेड चालवली होती आणि नंतर बाबांची स्कूटर. वाळूच्या मैदानात शंकू मांडलेले, त्यांतून आठचा आकडा काढायचा. सगळ्या वर्गात बाई मी एकटी, बाकी डिलिव्हरीची पोरं. ती माझा नंबर आला की हातातलं सोडून बघायला यायची. पहिल्या फटक्यात पास झाले. मी पास झाले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कोणीतरी पेप्सी आणून दिली.

काकांना काही सांगितलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी सुतळ्या सोडल्या, चादर घडी करून ठेवली, उस्तादने सांगितल्याप्रमाणे तेल आणि हवा बघितली आणि वर जाऊन काकांचं दार वाजवलं. ते म्हणाले, आज गार आहे. मी म्हटलं, स्वेटर घाला. ते म्हणाले, तुला जाळी जमणार नाही. मी म्हटलं, तुम्ही शिकवा.

मागे बसायची त्यांना सवय नव्हती. हात कुठे ठेवायचे कळेना. शेवटी त्यांनी सीटमागची दांडी धरली. धुकं नव्हतं, पण उजेड अजून कोवळा होता आणि खाडी दुधासारखी दिसत होती. पुलाचा चढ लागला तशी माझी बोटं हँडलवर आवळली.

“सैल धर,” मागून आवाज आला. “तिला हलायचंय. हलू दे. तू लांब बघ.”

पहिल्या वेळी मी घाबरून वेग कमी केला. काका म्हणाले, खाली लागला. दुसऱ्या वेळी, वर गेला. चौकात वळताना ते मला सांगत राहिले, जाळी येण्याआधीच मनगट ठरवून ठेवायचं, वर चढल्यावर काही करायचं नाही. त्यांच्या आवाजात पूर्वीचा तिखटपणा यायला लागला होता. एकदा तर म्हणाले, “पुण्यात असंच चालवतात का?” मी लांब बघत होते.

मग एका फेरीत ते गप्प राहिले. गाडी जाळीवर चढली, झोपेत चालल्यासारखी डुलली, आणि मी तिला डुलू दिलं. खालून पाणी पळत होतं. घुमारा गुडघ्यांतून वर आला आणि एका जागी बसला. माझ्या खांद्यावर त्यांचा हात पडला, उजवा. तो हलका थरथरत होता आणि गाडीही थरथरत होती. आवाज जरा जाड झाल्यासारखा वाटला. मला वाटलं, समोरून ट्रक येतोय. समोर कोणी नव्हतं.

जाळी संपली. डांबर लागलं, पुलाचा घुमारा थांबला, आणि माझ्या कानामागे तो सूर तसाच चालू राहिला, एकट्या माणसाचा, जरासा घोगरा, श्वास संपेपर्यंत.

लागला होता की नाही ते मला सांगता यायचं नाही, माझा कान तेवढा तयार नाही. मी पुढच्या चौकातून गाडी वळवली आणि त्यांना न विचारता परत पुलाकडे घातली.